दाराच्या आतल्या अंगाला

आमच्या सूनबाईंच्या स्वयंपाकघरात, डाळी-कडधान्यांचे डबे ज्या कपाटात असतात त्याच्या दाराच्या आतल्या अंगाला एक कागद चिकटवलेला आहे. चारी कोपऱ्यांना पारदर्शक पट्टी लावलेला, हळदीच्या बोटांचे दोन-तीन ठसे अंगावर वागवणारा हा कागद. त्यावर निळ्या शाईत सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५ अशा, निरोगी माणसाच्या रक्तातील द्रव्यांच्या मर्यादा एकाखाली एक टिपलेल्या आहेत. न्यू जर्सीला चिरंजीवांकडे येऊन राहिलो म्हणजे सकाळचे पोहे करण्याची कामगिरी मी आपण होऊन अंगावर घेतो, आणि त्या निमित्ताने रोज दार उघडणे घडत असल्यामुळे ती सारी कोष्टके माझ्यासारख्या, ज्याचा जन्म मामलेदार कचेरीत सातबाराचे उतारे तपासण्यात गेला अशा, माणसालाही आता मुखोद्गत झाली आहेत. पोह्यांचा डबा पोटॅशियमच्या पातळीवर येतो आणि तुरीच्या डाळीसाठी थोडे वाकले की मॅग्नेशियम दिसते.

हा कागद बाहेरच्या अंगाला लावला असता तर शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते अधिक सोयीचे झाले असते, हे उघड आहे. परंतु घरात पाहुणे येतात. एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांत मराठी माणसांची वस्ती दाट, ओक ट्री रोडवर मेथीच्या जुडीपासून पैठणीपर्यंत सर्व काही मिळण्याची सोय, आणि त्यामुळे गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू अशी निमित्ते बारमाही चालू असतात. येणाऱ्या बायका मनाने वाईट नसतात. पण चहाचा कप हातात घेता घेता त्यांतली एखादी सहज विचारते, "काय गं, झालं का तुझं लायसन्सचं?" आणि सूनबाई, बशीत चिवडा वाढण्याचे काम किंचितही न थांबवता, "चाललंय" एवढेच उत्तर देतात. या एका क्रियापदावर त्यांनी गेल्या काही वर्षांतील सगळे सणवार निभावून नेले आहेत. कागद आतल्या अंगाला गेला तो या प्रश्नामुळेच.

सूनबाई परिचारिकेच्या परीक्षेला बसत आहेत. किती वेळा बसल्या याची मोजदाद मी येथे देणार नाही. ज्या आकड्याला त्या स्वतः तोंडावाटे बाहेर पडू देत नाहीत तो सासऱ्याने जगजाहीर करावा हे बरे नव्हे. त्या मूळच्या नर्सच. महाराष्ट्रातील एका मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या शस्त्रक्रिया विभागात त्यांनी अनेक वर्षे पाळ्या केल्या, नोंदणीपुस्तकात त्यांचे नाव आहे आणि जिच्यावर कोणाचीही हरकत नाही अशी सनदही त्यांच्याजवळ आहे. फक्त ती सनद समुद्र ओलांडत नाही. अमेरिकेत नर्स म्हणून रुजू व्हायचे तर 'एन्क्लेक्स' नावाची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. त्यातून येथे शिकून आलेल्यालाही सूट नाही, परदेशातून आलेल्याला तर नाहीच.

परीक्षेला बसण्याच्या आधी कागदपत्रांचे जे प्रकरण झाले त्याचे वर्णन मी मोठ्या चवीने करू शकेन, कारण माझ्या आयुष्यातील तेवढीच विद्या तेथे उपयोगी पडली. परदेशी परिचारिकांच्या शिक्षणाची शहानिशा करणारी एक संस्था १९७७ सालापासून फिलाडेल्फियात आहे. तिच्याकडे आपल्याकडील शाळेने आणि परिषदेने मोहोरबंद लिफाफे परस्पर धाडायचे असतात, अर्जदाराने ते हाती घ्यायचे नसतात. एका लिफाफ्याची मोहोर अर्धवट उठली होती म्हणून तो परत आला, दुसरा कोणाच्या तरी टेबलावर पावसाळाभर पडून राहिला. मी गावाहून तगादा लावला, बारनिशीचा क्रमांक मिळवला, समक्ष जाऊन उभा राहिलो, आणि कागद हलला. त्यानंतर जे सुरू झाले त्यावर मात्र कोणताही तगादा चालत नाही.

परीक्षेचे केंद्र म्हणजे एका कचेरीवजा इमारतीतील थंड खोली. दारात ओळखपत्र पाहतात, मग तळहात एका यंत्रावर ठेवायला लावून त्यातील शिरांची आकृती टिपून घेतात, खिसे उलटे करवतात, घड्याळ, रुमाल आणि मंगळसूत्राचा थोडा अधिक वेळ घेऊन तपास होतो, आणि सर्व चीजवस्तू कुलपाच्या खणात ठेवून उमेदवार आत जातो तेव्हा त्याच्या हाती पुसता येण्याजोगी एक पाटी आणि एक लेखणी यांखेरीज काही उरत नाही. वेळ पाच तासांचा. प्रश्न किती, हे मात्र आगाऊ कोणालाही ठाऊक नसते. २०२३ च्या एप्रिलपासून जी नवी रीत सुरू झाली तीत ते निदान ८५ आणि जास्तीत जास्त १५० असतात, आणि त्यांतले १५ तर केवळ पुढील परीक्षांसाठी पारखून पाहण्याचे, म्हणजे गुणांत न धरले जाणारे. ते कोणते हे अर्थातच सांगत नाहीत.

या परीक्षेचे शास्त्र मला चिरंजीवांनी एका रविवारी समजावून सांगितले तेव्हा, ते कळल्याचे समाधान होण्याऐवजी, मी बराच वेळ अस्वस्थ राहिलो. १९९४ पर्यंत ही परीक्षा आपल्या परीक्षांसारखीच होती. वर्षातून दोनदा, पेन्सिलीने कागदावर, सर्वांना एकच प्रश्नपत्रिका. त्या वर्षापासून ती यंत्राकडे गेली. यंत्र एक प्रश्न घालते. उत्तर बरोबर आले तर पुढचा थोडा कठीण, चुकले तर थोडा सोपा. आणि असे वरखाली करीत करीत ते उमेदवाराच्या कुवतीचा अंदाज बांधीत जाते. प्रत्येक प्रश्न असा निवडलेला असतो की, तो सुटण्याचा आणि न सुटण्याचा संभव तुमच्यापुरता जवळजवळ सारखा असावा. गेओर्ग राश नावाच्या एका डॅनिश गणितज्ञाने १९६० साली पुस्तकरूपाने मांडलेल्या सिद्धान्ताचा आधार या साऱ्या हिशेबाला आहे म्हणतात. तुम्ही रेषेच्या वर आहात की खाली हे यंत्राला शेकडा ९५ इतक्या खात्रीने सांगता येऊ लागले की, ते विचारणे थांबवते आणि पडदा कोरा होतो.

याचा मनुष्याच्या मनावर होणारा परिणाम गणितज्ञाने विचारात घेतला असेल असे मला वाटत नाही. आमच्या मॅट्रिकच्या वेळी प्रश्नपत्रिका हाती पडली की आधी आपल्या येण्याजोगा प्रश्न शोधायचा, तो सुवाच्य अक्षरात, खाली दुहेरी रेघ मारून सोडवायचा आणि त्या बळावर बाकीच्यांना तोंड द्यायचे अशी रीत होती. तो एक येणारा प्रश्न म्हणजे परीक्षेतले आपले माहेर असे. या यंत्राच्या राज्यात ते सुख नाही. जे पक्के येते त्यातले फारसे ते विचारतच नाही, आणि जिथे पाऊल डळमळते तेथेच नेऊन पुन्हा पुन्हा उभे करते. परिणामी उत्तीर्ण होणारी मुलगी आणि अनुत्तीर्ण होणारी मुलगी या दोघीही सारख्याच खचलेल्या चेहऱ्याने वाहनतळाकडे चालत जातात, कारण दोघींनाही आपली साधारण निम्मी उत्तरे चुकली असावीत असे वाटत असते, आणि दोघींचेही वाटणे खरे असते. सूनबाईंचा पडदा एकदा अगदी अखेरचा प्रश्न होईतो चालला आणि एकदा ८५ व्या प्रश्नाला मिटला. पहिल्या वेळी घरी त्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत विचारत होतं, म्हणजे रेषेजवळ होते." दुसऱ्या वेळी काहीच म्हणाल्या नाहीत.

निकाल हाती येईपर्यंतच्या दिवसांत या परीक्षार्थ्यांमध्ये एक प्रघात आहे. परीक्षा संपल्यानंतर काही तासांनी पुन्हा त्याच परीक्षेचा अर्ज भरू पाहावयाचा. यंत्राने अर्ज घेण्याचे नाकारले तर उत्तीर्ण, आणि निमूटपणे पैसे कापून घेऊ लागले तर अनुत्तीर्ण, असा संकेत त्यातून काढतात. परीक्षा घेणारे या संकेताची हमी घेत नाहीत. पण रात्री साडेअकरा वाजता जेवणाच्या टेबलाशी बसून, कार्डावरचे आकडे एकेक करून भरणाऱ्या सूनबाई आणि त्यांच्या खांद्यामागे श्वास रोखून उभे असलेले चिरंजीव यांना मी पाहिले तेव्हा, कोकणातल्या देवळात ग्रामदेवतेला तांदळाच्या दाण्यांनी किंवा फुलाच्या कळ्यांनी कौल लावतात, आणि उजवा पडतो की डावा याकडे सारे घराणे डोळे लावून बसते, त्याची मला आठवण झाली. फरक इतकाच की, डावा कौल पडला म्हणून देव दोनशे डॉलर कापून घेत नाही.

माझे एक चुलते होते. त्यांनी मॅट्रिकच्या वाऱ्या केल्या हे आमच्या पंचक्रोशीत सर्वश्रुत होते; मार्च आला की सायकलला पंप मारून, मागच्या कॅरियरला पुस्तके बांधून ते तालुक्याच्या गावी निघत, ऑक्टोबरात पुन्हा निघत, आणि पारावर बसलेले लोक "आण्णा, यंदा इंग्रजीला सोडू नका" असे ओरडून सांगत. निकाल वर्तमानपत्रात येई. त्यात उत्तीर्णांचेच क्रमांक छापलेले असत. अनुत्तीर्णांची यादी कोणी छापीत नसे, आपला क्रमांक दोन क्रमांकांच्या मधून नाहीसा झालेला आपणच पाहून घ्यायचा. एसटीतून येणाऱ्या त्या वर्तमानपत्रावर बोट ठेवून आण्णा मोठ्याने वाचीत जात, आणि आपल्या जागी आले की "उडी मारली" म्हणून हसत. लोकही हसत. त्यांची चेष्टा झाली, सोयरीक दोनदा मोडली, आणि हा प्रकार सुखाचा होता असे मी कोणाला भासवू इच्छीत नाही. पण गावाने त्यांच्या नापास होण्याला एक जागा करून दिली होती. ते नापास झाले आहेत हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे, ते लपवण्याचे दुसरे काम त्यांच्या शिरावर नव्हते. पुढे त्यांनी पिठाची गिरणी घातली आणि मरेपर्यंत तेथे येणाऱ्या पोरांची इंग्रजी क्रियापदे तपासली.

सूनबाईंना अशी जागा नाही. येथे निकाल वर्तमानपत्रात येत नाही, पारावर बसलेले कोणी नाही, आणि शेजारच्या घरातील मनुष्य वर्षभर केवळ हात हलवून नमस्कार करतो. तेव्हा वरवर पाहता हे अपयश अगदी खाजगी, कोणाच्याही दृष्टीस न पडणारे असे आहे आणि म्हणून सोसायला हलके असले पाहिजे. मला अनुभव उलटा येतो. जे कोणालाच ठाऊक नाही ते घरातल्या घरातच सांभाळावे लागते. फोनवर कोण बोलते आहे ते पाहून आवाज बदलावा लागतो. कोणाला 'पुढच्या महिन्यात आहे' असे सांगितले होते आणि कोणाला सांगितलेच नव्हते याची मनात एक फर्द ठेवावी लागते. कपाटाच्या दाराची आतली बाजू हा त्यातलाच भाग. मला पुष्कळदा असे वाटले आहे की, परीक्षेने सूनबाईंना जितके थकवले नसेल तितके या बंदोबस्ताने थकवले आहे.

अनुत्तीर्ण झालेल्याला एक अहवाल मिळतो. उत्तीर्ण झालेल्याला काहीच मिळत नाही, परवान्याचा क्रमांक तेवढा मिळतो. त्या अहवालात गुण नसतात. औषधोपचार, संसर्गापासून सुरक्षितता, कामांची वाटणी व देखरेख, अशा आठ सदरांपुढे प्रत्येकी एक शेरा असतो: रेषेच्या वर, रेषेजवळ, किंवा रेषेखाली. शेरे मारण्यात आणि वाचण्यात माझी हयात गेली. 'तूर्त दप्तरी दाखल' या शेऱ्याखाली किती अर्ज किती वर्षे निजून राहतात हे मी जाणतो. परंतु 'रेषेजवळ' यासारखा निर्दय शेरा मी पाहिलेला नाही. रेषेखाली म्हटले तर मनुष्य पुस्तक मिटून दुसरा उद्योग पाहील. रेषेजवळ म्हटल्यावर तो कोठे जाणार? सूनबाईंच्या एका अहवालात आठांपैकी बहुतेक ठिकाणी हाच शेरा होता. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला, शेगडीवर उतू गेलेले दूध खरवडून काढले आणि रात्रपाळीला निघून गेल्या.

रात्रपाळी असते ती वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात, सहायिका म्हणून. तेथे त्यांना रुग्णाला कूस बदलून द्यायची, न्हाऊ घालायचे, भरवायचे, नाडी आणि रक्तदाब मोजून लिहायचा, एवढा अधिकार आहे. औषधाची गोळी देण्याचा नाही. एके पहाटे एका आजीबाईंचा श्वास नेहमीपेक्षा उथळ चालला आहे आणि त्या उगाचच चादर चिवडीत आहेत हे त्यांच्या ध्यानात आले, आणि काय होत असावे हेही आले. पण त्यांनी नियमाप्रमाणे आकडे लिहिले आणि पाळीवरच्या नर्सला बोलावले. ती नर्स वयाने त्यांच्याहून पुष्कळ लहान होती. मुलगी चांगली. तिने आकडे पाहिले, मग सूनबाईंकडे पाहून, "तुम्हाला काय वाटतं?" असे विचारले. त्यांना काय वाटत होते ते त्यांनी सांगितले. ते सांगण्याचा त्यांना हक्क नव्हता आणि विचारण्याची त्या मुलीवर सक्ती नव्हती. आजीबाईंना वेळेवर रुग्णालयात हलवले गेले. ही हकीकत मला सूनबाईंकडून नव्हे, चिरंजीवांकडून कळली.

मी मधुमेही आहे, आणि माझ्या जुन्या वळणाच्या डॉक्टरांनी दोन कुप्यांतले इन्सुलिन एका सुईत भरून घेण्याची जुनी पद्धत अजून चालू ठेवली आहे. येथे असलो की ते काम सूनबाई करतात. गढूळ कुपी दोन्ही तळहातांत धरून त्या हळूहळू फिरवतात, हलवीत नाहीत. रबरी बूच पुसतात. आधी गढूळ कुपीत हवा सोडतात, मग स्वच्छ कुपीत. मग स्वच्छ औषध आधी ओढून घेतात आणि गढूळ नंतर, म्हणजे एकाचा अंश दुसरीत जात नाही. सुई उजेडाकडे धरून टिचकी मारतात आणि बुडबुडा वर येऊ देतात. हे सारे करताना त्या चिरंजीवांशी दुधाच्या बिलाविषयी बोलत असतात. याच कृतीचा क्रम लावा असा एक प्रश्न त्यांना परीक्षेत आला होता; पडद्यावर पाच वाक्ये उलटसुलट मांडलेली. त्या मला म्हणाल्या, "बाबा, रोज डोळे झाकून करते ते मी, आणि तिथं मला वाटायला लागलं, की खरंच आधी कुठल्या बाटलीत हवा सोडतात?" हाताला जे निःशंक ठाऊक आहे ते वाक्यात बसवताना डळमळते, हे मी पुष्कळ शेतकऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे, जमिनीची बांधबंदिस्ती ज्याच्या पायाला पाठ तो कैफियत लिहून देताना पूर्वेची पश्चिम करतो.

आणखी एक अडचण त्यांनी सांगितली ती मला फार मनोरंजक वाटली. या प्रश्नांत जे रुग्णालय असते ते पृथ्वीवर कोठेही नाही. तेथे सर्व साहित्य जागच्या जागी असते, मदतनीस हाक मारताच येतो आणि नर्सला एका रुग्णाच्या उशाशी बसून त्याच्या भीतीविषयी बोलायला हवा तेवढा अवकाश असतो. सूनबाईंचा वॉर्ड असा नव्हता; खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या पडत, रात्री एक सिस्टर आणि एक आया, आणि प्रत्येक रुग्णामागे दोन नातेवाईक; त्या नातेवाइकांनाच सलाइनची बाटली संपत आल्यावर हाक मारायला शिकवून ठेवावे लागे. तेथे जे शहाणपण होते ते येथे चूक ठरते. "रुग्णाच्या मुलाला सांगेन" हे उत्तर त्यांच्या मनात प्रथम येते आणि ते पर्यायांत असले तर नेमके फसवे असते.

परिचारिकेची परीक्षा घेता येते का, हा वाद जुना आहे. इंग्लंडात १८८७ नंतर एथेल बेडफोर्ड फेनविक यांनी परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून चळवळ आरंभली, तेव्हा तिला कडाडून विरोध करणाऱ्यांत साक्षात फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. त्यांचे म्हणणे असे की, शुश्रूषेत जो शीलाचा भाग आहे तो परीक्षेच्या मापात येत नाही. नाइटिंगेल १९१० साली गेल्या, इंग्लंडातील कायदा १९१९ साली झाला, आणि त्या नोंदणीपुस्तकातले पहिले नाव फेनविक यांचेच पडले. न्यूझीलंडने १९०१ मध्येच कायदा केला होता, आणि अमेरिकेतील पहिल्या काही राज्यांनी १९०३ मध्ये. आम्ही राहतो ते न्यू जर्सी त्यांतलेच एक. मला विचाराल तर, इतके सगळे पाहूनही, मी फेनविकबाईंच्या बाजूचा आहे. सनद नसली म्हणजे गरिबाच्या वाट्याला कोण येते हे खेड्यापाड्यांत हिंडलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. नोंदणीपुस्तक असलेच पाहिजे. पण नाइटिंगेलबाईंचे म्हणणे खोडून काढले गेले असे मात्र मला म्हणवत नाही. ते बाजूला ठेवले गेले, एवढेच.

एका परीक्षेनंतर दुसरीस बसायला मध्ये ४५ दिवस जावे लागतात. या मुदतीला घरात एक स्वतःचे हवामान असते. पहिल्या आठवड्यात कोणी पुस्तकाचे नाव काढत नाही. चिरंजीव अवाजवी हळू बोलू लागतात, भांडी घासून ठेवतात आणि त्यामुळे सूनबाई अधिकच चिडतात. साताऱ्याहून त्यांच्या आईचा फोन येतो. त्या माउलीने गणपतीला बोललेला नवस प्रत्येक निकालाबरोबर वाढत गेला आहे. आरंभी नारळ होता, मग एकवीस मोदक झाले, आता सत्यनारायण आणि गावजेवणापर्यंत गोष्ट आली आहे, आणि सूनबाईंचे म्हणणे की, उत्तीर्ण झाले तर परवान्याचा पहिला पगार त्यातच जाईल. धीर देणारेही येतात. ज्या एका स्नेह्यांना ही गोष्ट ठाऊक आहे त्यांनी एकदा, फिलाडेल्फिया येथून जवळच आहे हे सुचून, १८८६ साली तेथे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचा दाखला दिला. सूनबाईंनी ऐकून घेतले, आणि ते गेल्यावर म्हणाल्या, "आनंदीबाई नापास झाल्या नव्हत्या."

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीतरी, कोणी न सांगता, पहाटे चारला दिवा लागतो. मी याला जिद्द वगैरे म्हणत नाही. जिद्द हा शब्द सत्काराच्या भाषणांत शोभतो, आणि सूनबाईंना कोणी तसे म्हटले तर त्या उठून आत जातात. मला ते पुष्कळसे पाळीवर हजर होण्यासारखे दिसते. मन लागो न लागो, पाळी असते. मध्यंतरी त्यांच्यात एक बदल झाला तो मात्र मी टिपून ठेवला आहे. पूर्वी उत्तर चुकले की त्या स्वतःवर चिडत. आता प्रश्नावर चिडतात. "हे कसं काय? इतका वेळ कुठली नर्स थांबेल?" असे त्या पडद्याला मराठीत सुनावतात, मग खालची कारणमीमांसा वाचतात, ती पटली तर नाइलाजाने मान हलवतात आणि पटली नाही तर तसे वहीत लिहितात. ती वही मी आखून देतो. माझ्याकडून झालेली हीच काय ती सेवा. रूळ ठेवून लाल शाईने रकाने पाडायचे काम मला सुखाचे वाटते. एक रकाना 'माहीत नव्हतं', दुसरा 'माहीत होतं, घाबरले', आणि तिसरा, जो त्यांनी मागाहून मागून घेतला, 'इथे असं करतात'. दुसरा रकाना कित्येक पाने सर्वांत लांब होता. हल्ली तिसरा भरतो आहे. याचा अर्थ काय ते सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि यंत्राला असला तरी ते आगाऊ सांगत नाही.

या खेपेस मुंबईत एक लग्न आहे, आणि ही परीक्षा मुंबईतही देता येते; शुल्क दीडशे डॉलर अधिक पडते इतकेच. चिरंजीवांचे मत तेथेच द्यावी, माहेरच्या हवेत बरे वाटेल. सूनबाई म्हणतात, तेथे दिली तर लग्नघरी कुठे गेले होते ते सांगावे लागेल. "मग सांगू," असे चिरंजीव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या एकदम नाही म्हणाल्या नाहीत. विचार करते, म्हणाल्या. तारीख अजून घेतलेली नाही.

दरम्यान दुपारी मी प्रश्न वाचून दाखवतो. माझे इंग्रजी उच्चार अकरावीच्या मॅट्रिकचे, त्यामुळे औषधांची नावे माझ्या तोंडून अशी काही बाहेर पडतात की त्यांना ती दोनदा विचारून घ्यावी लागतात. आणि आधी उत्तर मी द्यायचे असा त्यांचा दंडक आहे. माझे उत्तर बहुधा 'वरिष्ठांस कळवावे' हे असते. "अहो बाबा, डॉक्टरांना नंतर. आधी माणसाकडे बघायचं," असे त्या म्हणतात, आणि मग का ते सांगतात, सांगताना त्या पेल्यावर, टेबलाच्या कडेवर, क्वचित माझ्या मनगटावर बोट ठेवून दाखवतात.

काल असा प्रश्न होता. चार रुग्ण, प्रथम कोणाकडे जाल? एकाची शस्त्रक्रिया परवा झालेली, तो वेदनेने ओरडतो आहे. दुसऱ्याची साखर वाढलेली. तिसऱ्याच्या पायाला प्लास्टर, आणि बोटे बधिर वाटतात असे तो म्हणतो. चौथ्याला घरी सोडायचे ठरले आहे, कागद तयार होण्याची तो वाट पाहतो आहे. मी ओरडणाऱ्याकडे गेलो. कचेरीत जो ओरडे त्याचेच काम आधी निघे.

"जो ओरडतोय त्याचा श्वास चाललाय," त्या म्हणाल्या. "बधिर बोटंवाला. प्लास्टरच्या आत सूज चढली असेल, रक्त पोचत नसेल. वेळ गेला तर पाय जाईल."

"आणि हा चौथा? याने किती वेळ बसायचं?"

"ते प्रश्नात विचारलेलं नाही, बाबा. वाचा पुढचा."